दूधसागर : आईचे गुडघे आणि लेकाचा ट्रेक. मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला जायचं घाटतंय. आम्ही मिरजेचे. सोबत आई (वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात) आणि नववीतले चिरंजीव, ज्यांच्या मते चालत गेलो तरच गेलो.

आईचं खूळ जुनं आहे. लग्नानंतर ती मीटरगेजच्या गाडीने गोव्याला गेली होती. धबधब्यासमोरच्या रेल्वे पुलावर खिडकीतून तुषार आले आणि मांडीवरचा पुऱ्यांचा डबा भिजला. त्या पुऱ्यांचं दुःख ती अजून सांगते, पण दूधसागर म्हटलं की पिशवी भरायला पहिली तीच.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत मित्रांबरोबर गेलो होतो. रुळांवरून चालत जायचा बेत. कुळ्याच्या (घाटाखालचं गोव्यातलं स्टेशन) फलाटावरच अडवलं. बंदी माहीत होती, तरी 'कोण बघतंय' म्हणून गेलो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नाही. स्टेशनबाहेर भजी खाल्ली आणि धबधबा न बघता घरी आलो.

आता सरळ मार्गाने जायचंय. जीप शेवटपर्यंत जाते का? आईला किती चालावं लागेल? आणि पोराला थोडं तरी रान तुडवायला मिळेल असं काही आहे का? गुगलवर फोटोच फोटो आहेत, पायाखालचं कुणी सांगत नाही.

घाटवेडा : रुळांचा विषय कायमचा सोडा, पोरालाही सांगा. कॅसलरॉक (घाटमाथ्यावरचं स्टेशन) ते कुळे घाट १:३७ चढाचा आहे, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर चढ. उतरणारी गाडी चटकन थांबत नाही आणि पुलावर बाजूला व्हायला जागा नसते. शिवाय रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. २०२३ च्या जुलैत ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ पाहिला असेलच.

कुळ्याजवळची : जीप कुळ्याहून. पावसाळ्यात बंद असते, साधारण ऑक्टोबरात सुरू होते, म्हणजे दिवाळी बरी. पाणीही असतं. (मे महिन्यात आलात तर ३१० मीटरच्या कड्यावर धोतर वाळत घातल्यासारखं दिसतं.) वाट अभयारण्यातून जाते, जीप ओढ्यांत उतरते, पाणी चाकांवर चढतं. कंबर धरून बसायचं. आईंना पुढची सीट मागून घ्या.

जीप शेवटपर्यंत जात नाही. उतरल्यावर किलोमीटरभर चालायचंय आणि खरी अडचण तिथेच आहे. सुरुवातीची पायवाट ठीक, पण धबधब्याखालच्या डोहाजवळ मोठे गुळगुळीत धोंडे आहेत, ओले असले की चप्पल टिकत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर धोंड्यांच्या अलीकडे थांबून बघू दे, तिथूनही दिसतो. लेकाला डोहात सोडायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. हातात खाऊची पिशवी ठेवू नका, माकडं थेट हातातून नेतात.

रान हवं असेल तर तांबडी सुर्लाला जा. कदंबांच्या (गोव्याचं जुनं राजघराणं) काळातलं महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, शेजारी नदी. गाडी देवळाजवळ जाते, आई निवांत बसतील.

धागाकर्ता : दोघांचे आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, धोंड्यांपर्यंत मी येणार, पुढचं तिथे गेल्यावर बघू. पोरगं रुळांवरून खाली आलंय, पण 'किलोमीटरभर म्हणजे काय ट्रेक' म्हणून तोंड पाडून बसलंय. आता एकच उरलं : नी कॅप घालून जीपमध्ये तास-पाऊण तास बसलं तर गुडघा आखडतो का? कुणी ज्येष्ठांना नेलं असेल तर सांगा. आणि माकडांपासून पुऱ्यांचा डबा कसा वाचवायचा तेही. कारण डबा ती नेणारच आहे.