वारीला चार किलोंची पिशवी पुरते का?

नीराकाठ

यंदा आळंदी ते पंढरपूर ही माझी पाचवी पायी वारी. पहिल्या वर्षी निघताना बॅग 11 किलोंची होती, गेल्या वर्षी 4 किलो 200 ग्रॅम. दोन्ही वेळा वाण्याच्या काट्यावर मोजली. अंतर तेच, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही करून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की वारीला पाच किलोंच्या वर सामान नेऊ नये, ते ट्रकमधून जाणार असलं तरीही.

"ट्रकमधून जाणार असलं तरीही" हे मुद्दाम लिहितेय. भिशी (दिंडीतल्या जेवणखाणाची, मुक्कामाची वर्गणी) भरली, बॅग दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी नेतो, आपण खांद्याला झोळी अडकवून चालायचं, मग वजनाची चिंता कशाला, असं बहुतेकांना वाटतं. पण पहाटे तीनला उठून काळोखात, ओल्या जमिनीवर उकिडवं बसून ती बॅग रोज भरायची आपल्यालाच असते. संध्याकाळी पाय उचलत नसताना ढिगातून शोधून तंबूपर्यंत न्यायचीही आपल्यालाच. पहिल्या वर्षी दिवे घाट चढून सासवडला पोचले तेव्हा पाऊस लागला होता. बॅगेची चाकं चिखलात रुतली आणि मी ती अक्षरशः फरफटत नेली. पंढरपुरात पोचल्यावर पाहिलं तर त्यातले चार ड्रेस घडीसुद्धा मोडलेले नव्हते.

आता माझ्याबरोबर अंगावरचा धरून तीन सुती पंजाबी ड्रेस असतात. टॉवेलऐवजी पंचा, कारण टॉवेल एकदा भिजला की दोन दिवस कुबट वास मारतो. एक पातळ सतरंजी, प्लास्टिकचा कागद, ताटली-पेला, बॅटरी, नायलॉनची दोरी, औषधं. अंगाला आणि कपड्यांना साबणाची एकच वडी. आणि एक जुनी मऊ सुती साडी. ही साडी रात्री पांघरायला, टँकरजवळ आंघोळीला आडोसा करायला, दुपारी विसाव्याला अंथरायला, सगळ्याला होते.

कपडे वाळत नाहीत म्हणून जास्त न्यावे लागतात, असं सांगतात. पुणे, सासवड, फार तर जेजुरीपर्यंत ते खरं आहे. नीरा ओलांडून लोणंद-फलटणकडे लागलं की कमी पावसाचा मुलूख. सुती कपडा बाभळीवर टाकला की जेवण उरकेपर्यंत वाळतो. चार-पाच ओल्या दिवसांसाठी पंढरपूरपर्यंतचे कपडे वाहायचे का? तुमचा अनुभव वेगळा असेल तर लिहा.

दिंडीसेवक

माऊली, ट्रकवर उभा राहून त्या बॅगा वर घेणारा मी. नऊ वर्षं हेच करतोय. त्याच ट्रकमध्ये शिधा असतो, गॅसच्या टाक्या, मोठी पातेली, तंबूचे बांबू असतात. स्वयंपाकाचं सामान वेळेत पोचलं नाही तर अख्खी दिंडी उपाशी, म्हणून त्याला जागा आधी. उरलेल्यात दीडशे माणसांचं बसवायचं.

मी किलोची अट घालणार नाही. चाकांची, कडक पाठीची बॅग मात्र आणू नका. ती दबत नाही, शेजारचीला दाबते आणि खालची फुटते. वळकटी किंवा कापडी बॅग कोपऱ्यात कोंबता येते. आणि काळी बॅग असेल तर मुठीला रंगीत चिंधी बांधा हो. अंधारात काळ्या चाळीस बॅगा उलथ्यापालथ्या करताना आमच्या पाठीचं काय होतं ते आम्हालाच माहीत.

गोदाकाठ

नीराकाठ, तुम्ही चाळिशीतल्या असाव्यात. मी 68 वर्षांची आहे, पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि माझी बॅग 9 किलोंची आहे. त्यातलं काय काढू ते सांगा. इन्सुलिन, साखर तपासायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या. चपलांचा दुसरा जोड, कारण एक भिजला आणि ओल्यातच चालले तर फोड येतो, आणि माझ्या पायाला फोड म्हणजे थेट घरी परत. मोज्यांचे सहा जोड त्याचसाठी. गुडघ्यांमुळे जाड फोमची गादी. ब्लँकेट. साधी सतरंजी तुम्हाला पुरते, मला पहाटे जमिनीवरून उठवायला दोघी लागतात.

हलकं सामान हे धडधाकट माणसाचं गणित आहे. ते सगळ्यांना लावलं की म्हाताऱ्या माणसाला बॅग ट्रकजवळ आणतानाच अपराध्यासारखं वाटतं. मला गेल्या वर्षी वाटलं.

पडशी

पूर्वीचे वारकरी एका पडशीत पंढरी गाठायचे. आमचे पणजोबा दोन धोतरं आणि एक घोंगडी घेऊन जायचे. आता वारीची सहल झालीय.

माजघर

पडशी भाऊ, पणजोबांच्या पडशीत मावत नव्हतं ते कोणीतरी दुसरं नेत होतंच. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माऊलींच्या पालखीला आजचं रूप दिलं तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी मदत केली. माऊलींचे अश्व आजही अंकलीहून येतात. सोबत बैलगाड्या असत. वाटेवरच्या गावांतून भाकरी-पिठलं येत असे, आजही येतं. गावोगावच्या चुली पेटलेल्या होत्या म्हणून पणजोबांना एका पडशीत जाता आलं. त्याबद्दल आदरच आहे, पण तो हिशेब पुरा मांडा.

आता नीराकाठ ताईंना. तुमची यादी दोनदा वाचली. त्यात सुई-दोरा नाही, सेफ्टी पिना नाहीत, पॅड नाहीत, चिकटपट्टी नाही, मलम नाही, ओआरएसच्या पुड्या नाहीत. आमच्या तंबूत आम्ही 22 बायका होतो. त्यात हलक्या पिशव्यांच्या पाच-सहा जणी होत्या, सगळ्या चांगल्या मुली, आणि रोज रात्री त्या माझ्याकडे यायच्या. काकू, पीन आहे का? काकू, फोड फोडायला सुई? काकू, पाळी चार दिवस आधीच आली. मी दिलं, आनंदाने दिलं, माऊलींच्या वाटेवर नाही कोण म्हणेल? पण माझी बॅग आठ किलोंची होती ती त्यांच्या साडेतीन किलोंसाठी. वाखरीला त्यांतलीच एक मला म्हणाली, काकू, तुम्ही किती सामान आणता!

ते मला लागलं. कारण घरीही हेच बघत आलेय. आमच्याकडे गावाला निघायचं म्हणजे नवरा आणि मुलगा पाठीला एकेक पिशवी लावून दहा मिनिटांत दारात तयार. मुलाची टोपी, नवऱ्याची बीपीची गोळी, सगळ्यांचं पाणी, गाडीत मळमळलं तर लिंबू आणि कॅरीबॅग माझ्या बॅगेत. आणि स्टेशनवर जड बॅगेबद्दल बोलणी मलाच. कमी सामानाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला मला विचारावंसं वाटतं की तुमचं उरलेलं सामान कोणाच्या बॅगेत आहे?

कोरडे मोजे

पॅड आणि पट्ट्यांचं म्हणणं पटलं. ड्रेस तीनच पुरतात हेही पटलं. जीन्स मात्र कोणीही आणू नये, भिजली की मांड्या सोलवटतात.

नीराकाठ

माजघर काकू, तुमचं लिहिलेलं वाचून थोडा वेळ काही लिहू शकले नाही. गेल्या वर्षी तरडगावला माझ्या झोळीचा बंद तुटला होता. सुई शेजारच्या काकूंनी दिली, दोराही त्यांचाच होता. माझ्या 4 किलो 200 ग्रॅममध्ये ती सुई मी धरलीच नव्हती. यादीत घालतेय. पॅड आणि चिकटपट्टीही.

गोदाकाठ काकू, औषधं आणि पावलांची काळजी पाच किलोंत मोजायचीच नाही, हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. चुकलं. फक्त एक विनंती, इन्सुलिन ट्रकमध्ये ठेवू नका. दुपारी ताडपत्रीखाली भट्टी होते, तिथे ते खराब होतं.

कपड्यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे. न मोडलेल्या घड्या कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत, आपल्याही नाही आणि शेजारणीच्याही नाही. आणि काकूंच्या प्रश्नावर मला असं सुचतंय की प्रत्येक तंबूला एक सामाईक पेटी असावी. सुई, पिना, पॅड, ओआरएस, मलम, कात्री सगळं त्यात. भिशीतूनच भरायची. मग 22 बायकांनी 22 मलमं आणायला नकोत आणि एकीनेच सगळ्यांचं वाहायलाही नको.

गोदाकाठ

इन्सुलिन मी पहिल्या वारीपासून झोळीतच ठेवते, ओल्या फडक्यात गुंडाळून. पेटी चांगली. गादी सोडणार नाही.

माजघर

पेटीला माझी हरकत नाही, पण ती सांभाळणार कोण हे आधी ठरवा. नाहीतर पेटीही तंबूतल्या सगळ्यांत थोरल्या बाईच्या उशाशी येते आणि रात्री दोनला तिलाच उठवतात. पाळी लावा, रोज दोघी. पुरुषांच्या तंबूतही पेटी द्या आणि त्यात काय संपलं ते त्यांचं त्यांनी बघावं. गेल्या वर्षी पुरुषही पिना मागायला आमच्याकडेच येत होते.

दिंडीसेवक

आमच्या दिंडीत महिलांचे तीन आणि पुरुषांचे चार तंबू असतात. पत्र्याच्या सात पेट्या, दीड फुटाच्या, वर तंबूचा नंबर रंगवून. ट्रकच्या फाळक्याजवळ ठेवीन, म्हणजे सगळ्यांत शेवटी चढतील आणि मुक्कामावर पहिल्या उतरतील. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, त्याच्या महिनाभर आधी दिंडीची बैठक असते, तिथे मांडतो. पेटीत काय काय हवं त्याची यादी माजघर काकूंनीच द्यावी.

माजघर

देते. पण आमच्या तंबूची. पुरुषांची त्यांनी करावी.