व्हाइटहेडची 'प्रोसेस' ठीक आहे, पण तिचा शिक्षणाशी काय संबंध?

कोपऱ्यातला_पंखा:
आमचा एक छोटा वाचनगट आहे, चारपाच टाळकी, बहुतेक आयटीवाले. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की इंग्रज तत्त्वज्ञ अल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड वाचू. मग घेतलं 'प्रोसेस अँड रिअॅलिटी' हातात आणि थोड्याच पानांत सगळ्यांची दांडी गुल. जग वस्तूंचं नाही, घडण्याचं बनलंय, इथपर्यंत कळलं. म्हणजे मी बसलोय ती खुर्ची ही वस्तू नसून घटना आहे. बरं मग? बूड तर टेकतंयच ना.
माझा खरा प्रश्न वेगळा आहे. याच माणसाचे शिक्षणावरचे निबंध वाचले, ते एकदम आवडले, भाषा सोपी आणि चिमटे पण मस्त. पण हा बर्ट्रंड रसेलबरोबर 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा गणिताच्या पायावरचा ग्रंथ लिहिणारा गणिती, १९२४ मध्ये वयाच्या ६३व्या वर्षी तत्त्वज्ञान शिकवायला हार्वर्डला जातो, आणि मधेच शाळेबद्दलही बोलतो. यात काही एक सूत्र आहे का, की लोक नंतर ओढूनताणून जोडतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सदाफुली:
सूत्र आहे, पण ते तुम्ही हातात घेतलेल्या पुस्तकात शोधू नका, १९२० च्या 'कन्सेप्ट ऑफ नेचर'मध्ये शोधा. तिथे त्याची तक्रार एकच आहे, की आपण निसर्गाच्या वाटण्या करून टाकल्यात. एका वाट्याला रेणू, इलेक्ट्रॉन, लहरी, म्हणजे 'खरं' जे काय ते, आणि दुसऱ्या वाट्याला रंग, ऊब, वास, पक्ष्याचा आवाज, म्हणजे नुसतं आपल्या मनात उमटणारं. ही वाटणी जुनीच आहे, गॅलिलिओने १६२३ मध्येच लिहून ठेवलं होतं की अनुभवणारा प्राणी काढून टाकला तर चव, वास, रंग हे काही उरत नाहीत, पुढे तत्त्वज्ञ जॉन लॉकने ते व्यवस्थित मांडलं आणि मग सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं की शंका यायचीच बंद झाली. व्हाइटहेड खवचटपणे म्हणतो की असं असेल तर कवींचं चुकलंच, गुलाबाच्या वासाबद्दल त्यांनी गुलाबाचं नाही, स्वतःचं कौतुक करायला हवं होतं! त्याचं म्हणणं, संध्याकाळची लाली आणि ती लाली समजावून सांगणाऱ्या लहरी दोन्ही एकाच निसर्गात धरा, एक खरी एक खोटी असं नको.
आता तुमची खुर्ची. लंडनला टेम्सच्या काठावर क्लिओपात्राज नीडल म्हणून इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ आहे, १८७८ पासून तिथे ढिम्म उभा. त्याने मुद्दाम हेच उदाहरण घेतलंय, की याला घटना कसं म्हणायचं? तर म्हणे पदार्थवैज्ञानिकाला विचारा, तो सांगेल की रोज काही रेणू जातात, काही नवे येतात, आणि ते सोडा, साध्या माणसालाही दिसतं की दगड मळतोय आणि अधूनमधून कुणीतरी तो धुतंय. म्हणजे तोही घडतोच आहे, फक्त सावकाश. बसू नका असं तो कुठेच म्हणत नाही :)
पर्सेप्शनचा, म्हणजे आपल्याला जग जाणवतं कसं याचा मुद्दा इथूनच निघतो. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम म्हणतो आपल्याला रंगाचे ठिपके दिसतात, आवाज ऐकू येतात, पण 'कारण' कधी दिसत नाही, ते आपण सवयीने जोडतो. व्हाइटहेडचं उत्तर बघा. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लागला, माणसाची पापणी लवली. त्याला विचारा काय झालं, तो म्हणेल उजेडाने डोळे मिटायला लावले. ह्यूमच्या हिशेबाने त्याला आधी उजेड जाणवला, मग पापणी, बाकीचं त्याने पदरचं घातलं. व्हाइटहेड म्हणतो अहो, त्या माणसाला ते 'लावणं'च जाणवलंय, तेच तर तो सांगतोय! वर ह्यूमलाच पकडतो, की तुम्ही स्वतः लिहिता 'डोळ्यांनी' दिसतं, 'कानांनी' ऐकू येतं, तर हे डोळे आणि कान कुठल्या ठिपक्यात दिसले तुम्हाला? त्याच्या मते जाणण्याच्या दोन तऱ्हा आहेत, एक शरीरातून येणारी, अंधुक पण जड, नुकतंच घडून गेलेलं पुढे वाहून आणणारी, आणि दुसरी लख्ख पण उथळ. आपण दोन्ही सतत एकत्र करतो आणि चुका होतात त्या बहुधा या जोडणीत. लख्ख दिसतं तेवढंच पुरं खरं मानायची आपली खोड, तीच पुढे वर्गातही नडते. पण ते गणितमास्तर सांगतील, आहेत का?

उगाच_आलो:
सगळं ऐकायला छान आहे पण फिजिक्सवाला म्हणून एक खडा टाकतो. या माणसाला आइन्स्टाइनचं वाकणारं अवकाश पटलं नव्हतं, कारण अवकाशच जागोजागी बदलत असेल तर मोजायचं कशाच्या आधारावर, असा त्याचा सवाल. म्हणून १९२२ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धांत मांडला. बुधाची कक्षा हळूहळू किती सरकते याचं उत्तर आइन्स्टाइनइतकंच यायचं म्हणून बरीच वर्षं टिकला, पण १९७१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ क्लिफर्ड विलने दाखवलं की तो खरा असता तर आकाशगंगेच्या वस्तुमानामुळे पृथ्वीवर भरती-ओहोटीसारखा जेवढा परिणाम मोजला गेला असता तेवढा मोजला जात नाही. तत्त्वज्ञानावरून फिजिक्स काढायला गेलं की असं होतं.

सदाफुली:
@उगाच_आलो, सिद्धांत पडला हे मान्य. पण वाटणीबद्दलची तक्रार त्याच्याबरोबर पडत नाही, ती आइन्स्टाइन बरोबर असला तरी तशीच उभी राहते. उलट सिद्धांत मोजून खोटा ठरवता आला हे त्याच्या बाजूने धरा, किती तत्त्वज्ञांबद्दल असं म्हणता येतं?

गणितमास्तर:
हाक आली म्हणून आलो. व्हाइटहेडने १९१६ मध्ये गणित शिक्षकांच्या संघटनेपुढे अध्यक्ष म्हणून भाषण केलं, तुम्ही वाचलेला पहिला निबंध तोच. त्याचा राग 'इनर्ट आयडियाज'वर आहे, म्हणजे डोक्यात नुसत्या साठवलेल्या, कधी वापरल्या न गेलेल्या, दुसऱ्या कशाशी जोडल्या न गेलेल्या कल्पना. तो म्हणतो शिक्षणाला विषय एकच, जगणं, आणि आपण मुलांना देतो काय, तर बीजगणित, ज्याच्यातून पुढे काही निघत नाही, भूमिती, त्यातूनही नाही, आणि अशी यादी वाढवत नेतो.
मी दहावीला त्रिकोणमिती घेतो. झेंड्याच्या खांबाची उंची सावलीवरून काढायची, पुस्तकात आकृती तयारच असते, कोन दिलेला, सावली दिलेली. एकदा पोरांना पटांगणात नेलं. सावलीच्या टोकाला एकाने खडूने खूण केली, दुसरा स्टाफरूममधून टेप आणायला गेला, येईपर्यंत सावली खडूच्या पुढे चांगली चार बोटं सरकलेली. झालं, भांडण सुरू, आता कुठली धरायची. एक पोरगी म्हणाली, सर, कोन पण आत्ताच मोजायला पाहिजे ना, मघाचा कसा चालेल? पुस्तकातल्या आकृतीत वेळच नसते हो, आणि आकृती हीच खरी आणि पटांगण म्हणजे तिची कच्ची नक्कल असं पोरांना आपणच शिकवतो. व्हाइटहेडला जी चूक विज्ञानात दिसली तीच ही. अमूर्त गोष्ट वाईट नसते, ती कशातून काढली हे विसरणं वाईट.
त्याने शिकण्याची लय सांगितलीय, आधी रोमान्स (कुतूहल, हुंदडणं), मग अचूकता, मग व्यापक समज, आणि ही चक्रं वयाच्या टप्प्यांवरही चालतात आणि एकेका धड्याच्या आतही. पण 'आनंददायी शिक्षण'वाले यातलं पहिलं उचलतात आणि क्लासवाले दुसरं, तिसऱ्याला कोणीच वाली नाही. अचूकतेला तो अजिबात नाकं मुरडत नाही, त्या पटांगणातल्या पोरांना नंतर कोष्टक पाठ करावंच लागलं, आणि त्यांनी केलं.

तळटीप:
हे सगळं बौद्धांचा क्षणिकवादच (प्रत्येक गोष्ट क्षणाक्षणाला बदलते, टिकून काहीच राहत नाही) नाही का? आपल्याकडे आधीच होतं की.

सदाफुली:
जवळ आहे, आणि त्याने स्वतःच म्हटलंय की आपलं तत्त्वज्ञान युरोपपेक्षा भारतीय, चिनी विचारांच्या काही धारांना जवळचं वाटतं. पण 'आधीच होतं' म्हणून थांबू नका. क्षणिकवादाला शेवटी आसक्ती सोडवायची आहे, व्हाइटहेडला विज्ञान आणि गुलाब एका घरात नांदवायचेत. प्रश्नच वेगळे आहेत.

कोपऱ्यातला_पंखा:
सगळ्यांचे आभार, मास्तर विशेष. म्हणजे गटाला आधी 'कन्सेप्ट ऑफ नेचर'चं दुसरं प्रकरण देतो, मग शिक्षणाचे निबंध परत, आणि 'प्रोसेस अँड रिअॅलिटी'चा तो ठोकळा सध्या कपाटात.

गणितमास्तर:
ठोकळा काढाल तेव्हा १९७८ ची सुधारलेली आवृत्ती घ्या, १९२९ च्या छपाईत चुकांचा सुळसुळाट आहे.