मदत हवी आहे: आम्हा सहाजणींचा सामायिक निधी कसा बांधावा?

मैत्रिणींनो, आम्ही सहाजणी कॅनाबिसच्या (भांग-गांजाच्या वनस्पतीच्या) कायदेशीर व्यवसायात आहोत. तिघी हेम्पची, म्हणजे नशा न आणणाऱ्या कॅनाबिसची, शेती करतात, एक बियांचं तेल काढते, आम्ही दोघी सीबीडीची (हेम्पमधल्या नशा न आणणाऱ्या घटकाची) मलमं बनवतो. परवाने असूनही बँका कर्ज सोडाच, खातं उघडायलाही कचरतात.

गेल्या हंगामात आमच्यातल्या एकीचं पीक टीएचसीच्या (नशा आणणाऱ्या घटकाच्या) मर्यादेबाहेर गेलं. अमेरिकेने २०१८ मध्ये ही मर्यादा कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के ठरवली, म्हणजे फरक किती बारीक ते बघा! कापणी थोडी लांबली की प्रमाण चढतं. सगळं पीक नष्ट करावं लागलं. तिला उभं करायला आम्ही जमेल तसे पैसे घातले, पण लेखी काहीच नव्हतं, आणि आता कोणी किती दिले यावरून मनं दुखावली आहेत. मला ते फार लागतंय.

म्हणून विचारते: असा निधी कुणी चालवलाय का? नुकसान कधी भरून द्यायचं, कधी नाही, हे कसं ठरवता? हेम्प मातीतले जड धातू शोषतं, म्हणून तपासणीही एकत्र करून घ्यायची आहे. पण एकीचा अहवाल बिघडला तर बाकीच्यांनी तो पाहावा का? आम्ही दोघी मलमवाल्या तर एकमेकींच्या स्पर्धकच.

२०१४ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला कॅनाबिस व्यवसायातल्या स्त्रियांचं ‘विमेन ग्रो’ हे जाळं सुरू झालं, तशा गटांत काम केलेली कुणी असेल तर आवर्जून लिहा. कराराचा नमुना मिळाला तर फारच बरं होईल.