आयडीईची (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरची) मेमरी दुपारपर्यंत फुगते, खातंय कोण?

सराफेवाला_कोडर: भिया लोकांनो, मदत करा. सकाळी पोहे हाणून विजयनगरच्या ऑफिसात बसतो तेव्हा जावावाला आयडीई मस्त पळतो पण जेवून येईपर्यंत टाईप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं, टास्क मॅनेजरात ३ जीबी, एक्सएमएक्स (जावाची कमाल मेमरीची सेटिंग) तर २ जीबीच दिलंय मग वरचा १ जीबी कुठला? ४ करून टाकू?

राजवाडा_रिटर्न: इतक्यात नको. एक्सएमएक्स फक्त हीपला, म्हणजे प्रोग्रामचे ऑब्जेक्ट राहतात त्या भागाला लागू; मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेड स्टॅक (प्रत्येक थ्रेडच्या चालू कॉलची जागा), डायरेक्ट बफर (हीपबाहेर ठेवलेला डेटा) त्याच्या बाहेर. व्हिज्युअलव्हीएम (मेमरीचा ग्राफ दाखवणारं टूल) लाव, जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) ९ पासून ते वेगळं उतरवावं लागतं. ग्राफ करवतीच्या दातांसारखा वरखाली होत असेल तर ठीक, पण जीसी (नको असलेल्या ऑब्जेक्टची सफाई) झाल्यावरही तळ दरवेळी वर सरकत असेल तर लीकचा (मेमरी अडकून सुटतच नसल्याचा) संशय घे.

जुनी_इंदूरकर: तळ सरकला तर जेसीएमडी या जेडीकेतल्या कमांडने हीप डंप (हीपची पूर्ण प्रत) काढ, एक सकाळी एक दुपारी, आणि एक्लिप्स मॅट या डंप तपासायच्या टूलमध्ये डॉमिनेटर ट्री (कोण कोणाला धरून बसलंय ते) बघ. शॅलो (ऑब्जेक्टची स्वतःपुरती साइज) नाही रे, रिटेन्ड साइज (तो गेला तर एकूण मोकळी होईल ती) बघ, नाहीतर वर सगळे बाइट अ‍ॅरे आणि स्ट्रिंगच दिसतात, मी त्यात दोन दिवस घातलेत. डंप काढताना आयडीई थिजतो, आधी सेव्ह कर. आणि ती फाइल कुठे टाकू नकोस, आत पासवर्डसुद्धा असू शकतात.

सराफेवाला_कोडर: सापडला चोर! एक प्लगिन बंद केलेल्या फाइलींचे एडिटर धरून बसलं होतं, उडवलं. ताई, सराफ्यात गराडू (तळलेला कंद) माझ्याकडून.