मदत हवी आहे: तुर्की ‘बिलिम’ला विज्ञान म्हणावे की शास्त्र?

नमस्कार. तुर्की लेखाचा मराठी अनुवाद करताना मी ‘बिलिम’ या शब्दापाशी अडलो आहे. इंग्रजीत नुसते ‘सायन्स’ म्हटले की बहुधा भौतिकी, रसायन, जीवशास्त्र हेच डोळ्यांसमोर येते. ‘बिल्मेक’ म्हणजे जाणणे, या क्रियापदाशी नाते सांगणाऱ्या ‘बिलिम’मध्ये मात्र इतिहास, भाषाभ्यासही सहज सामावतात, इतके की भाषाशास्त्राला तिथे ‘दिलबिलिम’ म्हणतात. शाळेतल्या विज्ञानासाठी ‘फेन’ हा अरबीतून आलेला वेगळाच शब्द आहे. मला ‘शास्त्र’ जवळचे वाटते, पण त्यातून धर्मशास्त्रही ध्वनित होते. शिवाय आयुष्यातला सर्वांत खरा मार्गदर्शक कोण, हे सांगणाऱ्या आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांच्या १९२४ मधील प्रसिद्ध वाक्यात ‘इलिम’ येतो, म्हणजे आपल्या ओळखीचा ‘इल्म’. या तिन्ही शब्दांसाठी मराठीत कोणते वेगवेगळे शब्द योजावेत, हे जाणकारांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.