बेसिनखाली पाणी गळते, मदत हवी आहे

राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यावरून लिहितो आहे. न्हाणीतल्या बेसिनखाली रोज सकाळी थारोळं. प्लंबर तालुक्याहून येतो म्हणतो अन् येत नाही, म्हणून मीच खाली घुसलो.

आधी अँगल कॉक (भिंतीतला छोटा कॉक) अन् कनेक्शन पाईप कोरडे पुसून रात्रभर वर्तमानपत्र अंथरलं. कागद सकाळी कोरडा. म्हणजे नळाकडची बाजू ठीक. मग बेसिनात बूच लावून पाणी भरलं, चिमूटभर कुंकू टाकलं (आई ओरडली, तो भाग वेगळा) अन् बूच काढलं. जाळीच्या खाली, कपलिंगच्या (जाळी अन् वेस्ट पाईप जोडणारा आखूड नळीचा तुकडा) मोठ्या नटापाशी लाल थेंब लोंबकळला. वेस्ट पाईप कोरडाच.

नट थोडासा सैल करून पाहिलं तर रबरी वायसर कडक होऊन चिरलेला, आट्यांवर पांढरा थर. आमचं बोअरचं पाणी लय क्षाराचं. मागच्या वर्षी एम-सील थापलं होतं, आठ दिवसांत सुटलं. पुन्हा ते करायचं नाही.

आता विचारायचं असं : नुसता वायसर बदलून, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून भागेल, की 32 मिमीचं कपलिंगच नवं घ्यावं? बेसिनला वरून ओव्हरफ्लोचं भोक आहे, म्हणून हाफ थ्रेड (आटे फक्त खालच्या भागाला, वर ओव्हरफ्लोचं पाणी आत यायला भोकं) हवं असं वाटते. दुकानदार मात्र फुल थ्रेडच (पूर्ण लांबीभर आटे, भोकं नाहीत) हातात देते. आणि जुना नट त्याच्यापुढे जाम आहे, तो पाना लावताना चिनी मातीला तडा न जाता कसा फिरवावा? व्हिनेगर लावून पाहिलं कोणी?