प्रोपेन फर्नेस: इग्नायटर तापतो, पण बर्नर पेटत नाही

प्रश्न
नमस्कार. आमच्या तळघरातील प्रोपेन गॅसवर चालणारी, घर गरम करणारी फर्नेस दोन दिवसांपासून पेटत नाही. थर्मोस्टॅटवर (खोलीचे तापमान ठरवणारे उपकरण) तापमान वाढवल्यावर धूर बाहेर टाकणारा छोटा पंखा सुरू होतो, गॅस पेटवणारा इग्नायटर तापून नारिंगी होतो, गॅस व्हॉल्व्हचा ‘टक्’ असा आवाजही येतो. पण ज्योत काही दिसत नाही. तीन प्रयत्नांनंतर सर्व बंद पडते. मध्यंतरी टाकी पूर्ण रिकामी झाली होती, ती परवाच भरून घेतली. ज्योत लागली की नाही हे ओळखणारा फ्लेम सेन्सर बारीक पॉलिश पेपरने घासून पाहिला, तरी फरक पडला नाही. घरात वयस्कर आई आहेत, म्हणून लवकर मार्ग हवा आहे.

पहिले उत्तर
सर्वप्रथम जमिनीलगत वास येतो का ते पाहा. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो तळघरात खालीच साचतो. वास आल्यास कोणतेही बटण न दाबता सर्वांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.
सेन्सरचा येथे संबंध नाही. ज्योत लागून काही सेकंदांत विझत असती, तर मी त्याच्यावरच संशय घेतला असता. पंखा फिरून इग्नायटर तापतो आहे, म्हणजे प्रेशर स्विचपर्यंतचा (पंखा नीट हवा ओढतो आहे का हे तपासणारा स्विच) क्रम ठीक आहे. अडचण गॅस पोहोचण्यात दिसते. स्वयंपाकघरातील शेगडी त्याच टाकीवर असेल, तर तिची ज्योत कशी आहे?

प्रश्नकर्ता
वास अजिबात नाही. शेगडी त्याच टाकीवर आहे; एक बर्नर मंद जळतो आणि दुसरा लावला की दोन्हींची ज्योत बसते. टाकीचा व्हॉल्व्ह मीच एका झटक्यात पूर्ण उघडला होता.

दुसरे उत्तर
कारण बहुधा त्या झटक्यातच आहे. पाइप फुटल्यास गॅस वाहून जाऊ नये, यासाठी टाकीत एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह असतो. रिकाम्या पाइपात गॅस एकदम शिरला की हा व्हॉल्व्ह त्यालाही गळती समजून प्रवाह अडवतो आणि जेमतेम शेगडीपुरता गॅस सोडतो. उपाय साधा आहे: सर्व उपकरणे बंद करून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, काही मिनिटे थांबावे आणि मग तो अगदी हळूहळू उघडावा. मात्र टाकी रिकामी झाल्यावर पाइपांची गळती-चाचणी आवश्यक असते, म्हणून हे काम गॅस पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. रेग्युलेटरचा स्क्रू कृपया फिरवू नका. फर्नेसला पाण्याच्या सुमारे ११ इंच उंच स्तंभाइतकाच दाब लागतो आणि तो मापकाशिवाय कळत नाही.

प्रश्नकर्ता
आज तंत्रज्ञ येऊन गेले. चाचणीत गळती आढळली नाही. त्यांनी व्हॉल्व्ह हळू उघडला. पाइपात हवा असल्याने फर्नेसचा पहिला प्रयत्न वाया गेला आणि दुसऱ्या प्रयत्नात सर्व बर्नर निळ्या ज्योतीने पेटले. आईंची खोली आता उबदार आहे. आपणा दोघांचे मनापासून आभार.